छत्रीवाला पक्षी, आईची वही आणि आफ्रिकेतली सफारी

मुक्ताई (धागाकर्ती) | शुक्रवार, रात्री ९:४०

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, तेव्हा दहा वर्षांची लेक आणि माझी आई, दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो. जोहान्सबर्गहून गाडी भाड्याने घेऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाच रात्री, मग विमानाने व्हिक्टोरिया फॉल्स, तिथून सीमा ओलांडून बोत्स्वानात चोबे राष्ट्रीय उद्यान.

नवऱ्याने चार हजारांवर फोटो काढले. आईने किराण्याच्या हिशेबाची वही नेली होती, त्यात रोज रात्री लिहायची. फोटो हार्ड डिस्कमध्ये पडलेत, कुणी उघडत नाही. वही मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर येते, कारण त्यात "छत्रीवाला पक्षी" अशी एक नोंद आहे आणि त्यावरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चालू आहे. नवरा म्हणतो असा पक्षी नसतोच, आईंचा डोळा लागला होता. आई म्हणते, "जावईबापू, तुमचा डोळा कॅमेऱ्याला लागला होता." फोटो अर्थातच नाही. एक किलो कंदी पेढ्यांची पैज लागली आहे.

तर प्रश्न दोन. एक, छत्री उघडणारा पक्षी आफ्रिकेत आहे का? दोन, तुम्ही तिकडे गेला असाल तर तुमच्या लक्षात नेमकं काय राहिलं? मला सिंह दिसले तेवढं आठवतं, कसे दिसले ते आठवत नाही. पण पहाटे साडेपाचला गेटपाशी रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवरचं दव आठवतं. हे असं का होतं?

तळ्यातमळ्यात | शुक्रवार, रात्री ९:५२

छत्री उघडणारा पक्षी म्हणजे जूनमधला पुणेकर. वाऱ्याने उलटी झाली की ओरडतो. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

भटक्या | शुक्रवार, रात्री १०:१५

हॅमरकॉप! तपकिरी रंग, डोक्यामागे तुरा, बाजूने बघितलं तर हातोडीसारखं डोकं. काही जण त्याला छत्रीशीही जोडतात. क्रूगरमध्ये पुलांवर हमखास बसलेला असतो. घरटं एवढं अवाढव्य बांधतो की माणूस वर उभा राहिला तरी मोडत नाही म्हणे. पेढे आईंना द्या.

जोबर्गकर | शुक्रवार, रात्री ११:३०

जोहान्सबर्गमध्ये नऊ वर्षं आहे, क्रूगरला चौदा वेळा गेलो. त्यातल्या दहा वेळा भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. पक्ष्यातलं मला शून्य कळतं, त्यामुळे पहिला प्रश्न पास.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. क्रूगर सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडचा सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, त्याच्याहूनही मोठं. उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरच्या वर. स्वतःची गाडी घेऊन आत जाता येतं, डांबरी रस्त्यावर ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ची मर्यादा. तीही जास्तच वाटते. माझा अनुभव असा की तासाला २०-२५ ने गेलं तरच काही दिसतं. गाडीतून उतरायचं नाही, ठरलेल्या जागा सोडून. आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला कॅम्पचं फाटक बंद. उशीर झाला तर दंड आणि वर रेंजरचं प्रवचन.

स्कुकुझा ते लोअर साबी ह्या दोन कॅम्पांमधला एच-४-१ रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो, तिथे बिबट्याची शक्यता चांगली. सिंहांसाठी साताराजवळचा एस-१००. (हो, कॅम्पचं नाव सातारा. दर पाहुणा फलकाजवळ फोटो काढतो.)

लक्षात काय राहिलं म्हणाल तर न्खुलूच्या पिकनिक स्पॉटवर एका व्हर्वेट माकडाने माझ्या मावशींच्या हातातला चिवड्याचा डबा नेला. फांदीवर बसून त्याने शेंगदाणे वेचून खाल्ले आणि पोहे आमच्यावर टाकले. मावशी नाशिकच्या. त्या म्हणाल्या, "खोबरंसुद्धा टाकलं मेल्यानं!" सिंह, हत्ती सगळं दिसलं त्या सहलीत. त्या गेल्यावर सहा महिने फोनवर फक्त खोबरं.

अण्णा_सातारकर | शनिवार, सकाळी ६:०५

कॅम्पचं नाव सातारा??? आणि मी साठ वर्षांचा होईपर्यंत हे मला कुणी सांगितलं नाही!

चंद्रपुरी | शनिवार, सकाळी ८:२०

सगळं खरं आहे, पण एवढे पैसे घालून इतक्या लांब कशाला जाता भाऊ? आमच्याकडे या ना. ताडोब्यात वाघ आहे. तिकडे वाघ आहे का? नाही. सिंह काय, दिवसभर झोपूनच राहते. आमचा वाघ रस्त्याने चालत येतो, जिप्सीच्या बाजूने जातो, ढुंकूनही पाहत नाही.

वेलदोडा | शनिवार, सकाळी ८:४५

चंद्रपुरी, येतो ना. मागच्या मे महिन्यात आलो होतो. वाघ बघितला नाही, वाघ बघणाऱ्या २२ जिप्सी बघितल्या. पुढच्या जिप्सीतल्या काकांची टोपी मात्र अगदी जवळून दिसली.

चंद्रपुरी | शनिवार, सकाळी ९:१०

टोपीवाल्या काकांचं काही सांगू नका, ते सगळीकडे असतात. 🙂

पण एक खरं सांगतो. मी स्वतः क्रूगरला गेलेलो आहे, पोराच्या नोकरीमुळे. आणि मला करमलं नाही. इथे जंगलात शिरलं की चितळाची हाक येते, मग वानराची, मग सगळी जिप्सी कान टवकारून गप्प. वाघ दिसायच्या आधी अर्धा तास वाघ असतो. तिकडे झुडपं खुरटी, गवत वाळलेलं, आपण काचेच्या आत. हाक ऐकू कशी येणार? एसी बंद केला, काच खाली केली, तेव्हा पहिल्यांदा इम्पालाचं, म्हणजे तिकडच्या हरणाचं, फुरफुरणं ऐकू आलं. सगळी इम्पालं एकाच दिशेला बघत होती. बिबट्या दिसला नाही, पण तो तिथे होता. ते बाकी आपल्यासारखंच.

जोबर्गकर | शनिवार, सकाळी ९:४०

+१. काच खाली आणि इंजिन बंद. पाहुण्यांना हेच सांगून सांगून थकलो. पाच मिनिटं झाली की मागच्या सीटवरून "चला पुढे, इथे काही नाही."

निवांत | शनिवार, दुपारी १२:२५

आमची सहल प्रवासी कंपनीबरोबर झाली होती. नाव घेत नाही. तेरा दिवसांत सहा ठिकाणं. पत्रकात "क्रूगर सफारी" ठळक अक्षरात. प्रत्यक्षात दुपारी अडीचला पोचलो, सामान खोल्यांत जाईपर्यंत साडेतीन, संध्याकाळी एक फेरी, दुसऱ्या दिवशी पहाटे एक फेरी, नाश्ता आणि बस. बसमध्ये अंताक्षरी. जेवण मात्र रोज वेळेवर, एक दिवस पुरणपोळीसुद्धा.

सिंह दिसला का? वाळलेल्या गवतात एक कान दिसला. गाईड म्हणाला सिंहीण आहे. गवत आणि कान एकाच रंगाचे. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ आजही छातीठोकपणे सांगतात की ते वारूळ होतं.

आणि थंडी! आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून सुती कपडे भरले होते. जूनमध्ये पहाटे उघड्या गाडीत दात वाजत होते. ड्रायव्हरने घोंगड्या दिल्या, त्या गुंडाळून आम्ही वीस जण भूपाळीला बसल्यासारखे बसलो होतो. माझ्या आठवणीत सफारी म्हणजे थंड पडलेलं नाक.

खारीचावाटा | शनिवार, दुपारी १:१०

हसून हसून पुरेवाट. "वाळलेल्या गवतात एक कान" हे माझ्या आत्मचरित्राचं नाव ठेवणार आहे.

शमीवृक्ष | शनिवार, दुपारी ४:५५

सगळे "बिग फाइव्ह दिसले का" असंच विचारतात म्हणून लिहिते. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सगळ्यात धोक्याचे, ते हे. जिराफ त्यात नाही, चित्ता नाही, पाणघोडा नाही. बंदुकी गेल्या, यादी राहिली, आता पर्यटक टिकमार्क करत फिरतात.

आम्हाला पाचही दिसले. गेंडा शेवटच्या दिवशी. आणि त्याला शिंग नव्हतं. आधी कळेचना काय बघतोय ते. चोरट्या शिकारीला आळा बसावा म्हणून उद्यानवालेच बेशुद्ध करून शिंग कापतात. शिंग म्हणजे नखांसारखंच केराटिन, दुखत नाही, परत वाढतं. हे सगळं डोक्याला पटतं. पण समोर तो एवढा मोठा जीव गवत खात उभा, आणि नाकावर दोन सपाट बुंधे. आमच्या मुलाने विचारलं, "ह्याला कळलं असेल का?" गाडीत कुणी काही बोललं नाही. टिकमार्क झाला, पाच पैकी पाच.

भटक्या | शनिवार, सायंकाळी ६:३०

शमीवृक्ष, नको तिथे हात लागला. असंच आणखी एक. स्कुकुझा हे नाव स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ह्या पहिल्या वॉर्डनला स्थानिक त्सोंगा लोकांनी दिलेलं. अर्थ साधारण "झाडून साफ करणारा". शिकाऱ्यांना झाडून काढलं म्हणून, आणि तिथे राहणाऱ्या लोकांनाही. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे १९६९ मध्ये उत्तरेच्या पाफुरी भागातून माकुलेके लोकांना उठवलं. त्यांना जमीन परत मिळाली १९९८ मध्ये. परत मिळाल्यावर त्यांनी तिथे शेती न करता ती जंगलाखालीच ठेवली, आणि आता पर्यटनाचा पैसा त्यांना मिळतो. आम्ही तिकडे दोन रात्री होतो. गाईड त्याच समाजाचा होता. एका बाओबाबच्या झाडाखाली थांबून म्हणाला, आजीचं घर ह्या बाजूला होतं.

चंद्रपुरी | शनिवार, सायंकाळी ७:०२

आमच्याकडेही गावं उठली आहेत भाऊ. त्यावर वेगळा धागा लागेल.

कुंभारवाडा | शनिवार, रात्री ८:१५

चित्त्यांचा विषय कुणीच कसा काढला नाही? नामिबियाहून ८ आले २०२२ च्या सप्टेंबरात, मग दक्षिण आफ्रिकेहून १२ आले २०२३ च्या फेब्रुवारीत. मध्य प्रदेशात कुनोला जाऊन बघा की. विमानाचा खर्च त्यांनी केला आहे.

संपादक | शनिवार, रात्री ८:३१

कुनोच्या चित्त्यांवर आधीच तीन धागे आहेत, त्यातला एक कुलूपबंद. इथे नको.

पिंपळपान | शनिवार, रात्री ११:५०

नामिबियाचा विषय निघालाच आहे तर. आम्ही तिथल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो, मी आणि धाकटा भाऊ. तिथे ओकाकुएयो नावाचा कॅम्प आहे. कॅम्पच्या कुंपणालगत एक पाणवठा, त्यावर रात्रभर मंद दिवा. अलीकडे बुटकी दगडी भिंत, भिंतीमागे बाकं. पलीकडे जंगल. तिकीट नाही, गाईड नाही, कधीही या, बसा.

पहिल्या रात्री जेवून गेलो. पन्नासेक माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. लहान मुलंसुद्धा. मला आधी वाटलं कुणीतरी दटावलं असेल. मग लक्षात आलं, पलीकडे काळा गेंडा पाणी पीत होता आणि त्याच्या ओठांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. तो गेला. मग बराच वेळ काहीच नाही. लोक एकेक करून उठले. आम्ही शाली घेऊन बसून राहिलो. बारा वाजून गेल्यावर अंधारातून गेंड्याची मादी आली, मागे पिल्लू. दुसऱ्या बाजूने हत्ती आला. मादी जागची हलेना. हत्ती थांबला, कान पसरले. दोघं किती वेळ तसे उभे होते सांगता येणार नाही. मग हत्ती वळसा घालून पाण्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडे प्यायला लागला.

माझा भाऊ बडबड्या आहे, त्याच्याशी माझं फार पटत नव्हतं. त्या रात्री आम्ही चार तास शेजारी बसलो आणि एक शब्द बोललो नाही. परत आल्यापासून महिन्यातून एकदा तरी भेटतो. एटोशाचा विषय निघत नाही.

खारीचावाटा | रविवार, सकाळी ७:२०

पिंपळपान, सुंदर. वाचनखूण साठवली.

वेलदोडा | रविवार, सकाळी १०:००

डिसेंबरात गेलं तर? मुलांच्या नाताळच्या सुट्ट्या असतात.

जोबर्गकर | रविवार, सकाळी १०:४०

डिसेंबर म्हणजे तिकडचा पावसाळा. गवत उंच, पाणी जागोजागी, त्यामुळे प्राणी पाणवठ्यावर यायची गरज नाही. हिवाळा म्हणजे जून ते सप्टेंबर केव्हाही बरा. मलेरियाचे डासही कमी, तरी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच जा. कॅम्पचं आरक्षण सुमारे अकरा महिने आधी उघडतं, सुट्ट्यांतल्या तारखा लगेच संपतात.

शमीवृक्ष | रविवार, सकाळी ११:१५

जोबर्गकर, इथे मात्र असहमत. आम्ही डिसेंबरातच गेलो होतो. इम्पालाची पिल्लं त्याच सुमारास जन्मतात, ती लाकडी खेळण्यासारख्या पायांवर सगळीकडे टणाटणा उडत असतात. सगळं हिरवं. दुपारी ढग भरून येतात आणि पाऊस पडला की मातीचा तोच वास, आपल्या जूनचा. सिंह कमी दिसतील. दिसू देत की कमी.

निवांत | रविवार, सकाळी ११:२२

आम्हाला हिवाळ्यात एक कान दिसला. पावसाळ्यात काय, नुसती मिशी?

मुक्ताई | रविवार, दुपारी ३:३५

किती लिहिलंत सगळ्यांनी! आईला वाचून दाखवतेय. चिवड्याच्या किश्श्यावर ती म्हणाली, "खोबरं टाकलं म्हणजे खवट असेल." (जोबर्गकर, मावशींना सांगू नका.)

भटक्या, हॅमरकॉपचा फोटो दाखवला. आईने बघितलं आणि म्हणाली, हा पुलावरचा, वहीत "हातोडा" म्हणून लिहिलाय. हा तो नव्हे. नवरा खूश.

आमचं हत्तीचं प्रकरण सांगते. लोअर साबीहून येताना मातीच्या रस्त्यावर वळणापलीकडे सहा हत्ती. मोठी हत्तीण वळली, कान फडकवून दोन पावलं आमच्याकडे आली. नवऱ्याने रिव्हर्स टाकला आणि तीनशे मीटर गाडी सरळ रेषेत मागे नेली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ह्याला तीन प्रयत्न लागतात. वहीतली नोंद: "हत्ती ६. जावईबापू मागे मागे. चांगली चालवली." ह्या शेवटच्या दोन शब्दांचा त्याने फोटो काढून ठेवलाय.

आणि बोत्स्वानाच्या सीमेवर सगळ्यांना औषधाच्या पाण्यात बूट बुडवायला लावतात. आम्हाला कळेना कशासाठी. आईने अधिकाऱ्याकडे एकदा आणि त्या ट्रेकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "लाळ्या खुरकूत." तिचं माहेर सांगोल्याचं, घरी जनावरं होती. विचारलं तर खरंच तेच! तिकडचं गोमांस परदेशी जातं, रोग आत येऊ नये म्हणून एवढी काळजी. त्यानंतर पुढचा तासभर सीमेच्या रांगेत आईने गाईच्या तोंडाला काय लावायचं त्यावर माहिती दिली.

अण्णा_सातारकर | रविवार, दुपारी ४:००

आईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे बोरिक पावडर मधात कालवून लावायचे.

दर्यावर्दी | रविवार, सायंकाळी ५:४५

बोत्स्वानातल्या ओकावांगोबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. नदी अंगोलाच्या डोंगरातून येते आणि समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरून संपते. अंगोलात पाऊस पडतो जानेवारी-फेब्रुवारीत, ते पाणी रेंगाळत रेंगाळत त्रिभुज प्रदेशात पोचतं जून-जुलैत. म्हणजे आजूबाजूला सगळं कोरडं ठणठणीत, आणि पुराचं पाणी तेव्हाच येतं. मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून फिरलो. पूर्वी झाडाचं खोड कोरून करायचे, आता बऱ्याचशा फायबरच्या. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ढकलतो. आपण इतके खाली बसलेलो असतो की कमळाचं पान डोळ्यांच्या पातळीवर येतं. पहिला अर्धा तास मी मगरीच्या विचारात घालवला. मग लव्हाळ्यावर अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक दिसला, आणि मगर विसरलो.

पक्षीवेडा | रविवार, रात्री ९:०५

मुक्ताई, धागा आत्ता बघितला. सगळे हत्ती, चिवडा आणि लाळ्या खुरकुतीत अडकलेत, मूळ प्रश्न राहिला. तीन गोष्टी सांगा: पक्षी नक्की कुठे दिसला, क्रूगर की चोबे? पाण्यात की जमिनीवर? आणि पायांच्या रंगाबद्दल वहीत काही आहे का?

मुक्ताई | रविवार, रात्री ९:५०

चोबे. नदीतली बोटीची फेरी. पूर्ण पान जसंच्या तसं टंकते:

"दि. १४. बोट दुपारी ३ ला. पाणघोडे १७ (डोळे मोजले, भागिले दोन). मगर ४. एक तोंड उघडून पडलेली, दात घाण. हत्ती मोजणं सोडलं. एक कळप पोहत बेटावर गेला, सोंडा वर, पिल्लू मधे घेऊन. बेटावर झेंडा आहे. गाईड म्हणे बेट कुणाचं यावरून दोन देश कोर्टात गेले होते, १९९९ ला ह्यांच्या (बोत्स्वानाच्या) बाजूने निकाल. बांधाची भांडणं सगळीकडे. छत्रीवाला पक्षी १. काळा. बगळ्यासारखा पण लहान. उथळ पाण्यात. दोन्ही पंख पुढे घेऊन गोल छत्री केली, डोकं आत. तीन अंक मोजेपर्यंत मिटली. दोन पावलं गेला. परत छत्री. नऊ वेळा. पाय काळे, बोटं पिवळी, मोजे घातल्यासारखी. जावईबापूंना हाक मारली, ते हत्तीत होते. चहा पाणचट."

नवऱ्याचं म्हणणं: पाणकावळा पंख सुकवत असणार.

पक्षीवेडा | रविवार, रात्री १०:२०

मुक्ताई, पेढ्यांची ऑर्डर द्या. पाणकावळा नाही. तो ओंडक्यावर किंवा फांदीवर बसून पंख दोन्ही बाजूंना पसरतो आणि तसाच बसून राहतो. डोकं आत घालत नाही, दोन पावलं चालून परत तेच करत नाही, आणि पिवळी बोटं तर नाहीतच.

हा ब्लॅक हेरॉन, आफ्रिकेतला काळा बगळा. अंगाने काळपट, पाय काळे, बोटं पिवळीधमक. मासे पकडायची त्याची पद्धत आईंनी लिहिली आहे तशीच: पंख पुढे आणून डोक्यावर गोल घुमट करायचा, पंखांची टोकं पाण्याला टेकवायची. खाली सावली पडते. उन्हात लहान मासे सावलीकडे येतात, शिवाय पाण्यावरची चकाकी जाऊन त्याला आतलं दिसतं असंही म्हणतात. दोन-तीन सेकंद, मग मिटून पुढे.

आणि दुपारी तीनला, भर उन्हात. सावली करायची तर ऊन हवंच. आईंनी वेळ लिहिली म्हणून शंका राहिली नाही. मी चोबेत चार दिवस दुर्बीण लावून बसलो होतो, मला हे एकदाच दिसलं, तेही लांबून. नऊ वेळा!! हेवा वाटतोय.

तळ्यातमळ्यात | रविवार, रात्री १०:२८

पुणेकराबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. मराठी नाव काय ह्याचं?

पक्षीवेडा | रविवार, रात्री १०:३३

माझ्या माहितीत रूढ नाव नाही. आपल्याकडे आढळतच नाही.

खारीचावाटा | रविवार, रात्री १०:३५

छत्रीबगळा. ठराव मांडते.

चंद्रपुरी | रविवार, रात्री १०:४१

अनुमोदन. ताडोब्यात नाही हे मान्य करतो.

मुक्ताई | सोमवार, सकाळी ७:१५

काल रात्रीच आईला उठवून व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून पूर्ण बघितला. म्हणाली, "हाच. पण आपल्याची छत्री मोठी होती." मग नवऱ्याला म्हणाली, "पेढे चार दिवसांनी आणा, परवा एकादशी आहे."

पक्षीवेडा, आता आईला चेव आलाय. सकाळी चहाबरोबर वहीचं दुसरं पान काढून बसली आहे. धबधब्याची नोंद आहे, "व्हिक्टोरिया. १७०८ मीटर रुंद म्हणे. तुषारांमुळे दिसला नाही. भिजलो." ती सोडा. पण क्रूगरमधल्या तिसऱ्या रात्रीचं हे वाचा:

"रात्रभर बारीक आवाज, 'प्रुर्रप'. पाच-सहा सेकंदांनी परत तोच. झाडावरून. जावईबापू म्हणाले, खोलीतल्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली आहे. सकाळी ऑफिसात तक्रार करून आले. ती बाई हसून म्हणाली, सांगते त्याला."

नवरा अजूनही अलार्मवर ठाम आहे.

पक्षीवेडा | सोमवार, सकाळी ७:४०

आफ्रिकन स्कॉप्स घुबड. वीतभर असतं, झाडाच्या सालीसारखं दिसतं. दुसरा किलो.

अण्णा_सातारकर | सोमवार, सकाळी ७:४४

पेढे मीच पाठवतो, आमच्या कोपऱ्यावरच मिळतात. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. पैसे जावईबापूंकडून घेईन.